तिसरा बाइट

दोन पूर्णांकांपैकी लहान तो परत देणारं छोटं फंक्शन सी-शार्पमध्ये लिहा: ए हा बी-पेक्षा लहान असेल तर ए, नाहीतर बी. रिलीज मोडमध्ये कंपाइल केलं की डॉटनेटच्या मधल्या भाषेत, म्हणजे सीआयएलमध्ये, त्याचे आठच बाइट होतात: ०२ ०३ २एफ ०२ ०२ २ए ०३ २ए.

पहिले दोन बाइट ए आणि बी स्टॅकवर ठेवतात. निर्णय तिसऱ्याचा. २एफ म्हणजे 'बीजीई.एस'. ही इन्स्ट्रक्शन दोन्ही संख्या स्टॅकवरून काढून घेते, पहिली दुसरीपेक्षा मोठी किंवा तिच्याइतकी असेल तर उडी मारते आणि स्टॅकवर मागे काहीच ठेवत नाही. चौथा बाइट उडीचं अंतर सांगतो. ते पुढच्या इन्स्ट्रक्शनपासून मोजायचं. इथे दोन बाइट ओलांडले की थेट 'बी परत द्या'. या छोट्या रूपात −१२८ ते १२७ एवढंच अंतर मावतं. त्यापलीकडे जायचं तर पाच बाइटांचं लांब रूप घ्यावं लागतं.

आपण लिहिलं 'लहान असेल तर', कंपाइलरने विचारलं 'लहान नाही ना?'. उडी मारायची ती इफच्या आतला भाग टाळण्यासाठी, म्हणून अट उलटी. पूर्णांकांत हे बिनधोक चालतं. दशांश संख्यांत मात्र नॅन आडवा येतो. शून्याला शून्याने भागून मिळणारा हा नॅन कशापेक्षाही लहान नाही, मोठा नाही, स्वतःशीही समान नाही. साध्या बीजीईने त्याच्यासाठी उडी घेतलीच नसती आणि खोटी अट खरी ठरली असती.

म्हणून तेच फंक्शन डबलसाठी लिहिलं की आठांपैकी एकच बाइट बदलतो: २एफच्या जागी ३४, म्हणजे 'बीजीई.यूएन.एस'. तुलनाच होऊ शकत नसेल तरीही हिने उडी घ्यायची. हीच इन्स्ट्रक्शन पूर्णांकांवर वापरली तर त्यांना बिनचिन्ह मानून तुलना करते. २००१ साली ईसीएमए-३३५ या मानकात आलेल्या या संचातली ही काटकसर मला फार देखणी वाटते. 'समान नाही' ही उडी तर फक्त यूएन रूपातच आहे: पूर्णांकांच्या समानतेत चिन्हाने फरक पडत नाही आणि नॅन असला की उडी घ्यायलाच हवी.

जावाच्या बाइटकोडने दुसरी वाट धरली. तिथे डबलची तुलना करणाऱ्या दोन वेगळ्या इन्स्ट्रक्शन आहेत. नॅन आला की एक −१ ठेवते, दुसरी १, आणि उडी त्यानंतरची इन्स्ट्रक्शन मारते.