ऑर्किडचं पिल्लू तोडायची घाई नको

कोकण-गोव्याच्या दमट हवेत डेंड्रोबियम ऑर्किड छान वाढतं. उसासारख्या कांड्या आणि टोकाला जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा तुरा. कधी कधी जुन्या कांडीच्या पेरावरच इवलंसं रोप फुटतं. तेच त्याचं पिल्लू. हवाई बेटांवरच्या भाषेत त्याला केकी म्हणतात, म्हणजे लेकरूच!

माझं पहिलं पिल्लू मी बोटाएवढं झालं तसं खुडून लावलं. आठवड्यात सुकलं. चूक माझीच. पिल्लाला आईच्या कांडीतून पाणी आणि अन्न मिळत असतं. त्याला स्वतःची मुळं नसताना तोडलं, तर ते जगणार कशावर?

म्हणून थांबा. निदान तीन मुळं दोन-तीन इंच लांब होऊ द्या, दोन-तीन पानं येऊ द्या. याला काही महिने लागतात. भर पावसात कापू नका, जखम कुजते. पातं विस्तवावर धरून निववा आणि आईच्या कांडीचा छोटा तुकडा ठेवून पिल्लू कापा. दोन्हीकडच्या जखमेवर दालचिनीची पूड लावा. मुळांना मात्र पूड लागू देऊ नका, ती सुकतात. मग एक दिवस सावलीत ठेवा.

कुंडी लहान आणि भरपूर भोकांची घ्या. माती अजिबात नको, मुळं गुदमरतात. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं घाला. सोडणं आधी दोन दिवस भिजवून, पाणी बदलून घ्या. पिल्लू हलत राहिलं तर मूळ धरत नाही, म्हणून ते चिंधीने काडीला बांधा. जागा पडवीतली, उजेडाची, पण कडक उन्हाची नको. पावसात पागोळ्यांखाली ठेवू नका.

पाणी कधी घालायचं? मुळंच सांगतात. ओली असली की हिरवट दिसतात, कोरडी झाली की पांढरी. पांढरी दिसली की सकाळी पाणी शिंपडा.

आणखी एक. फुलं न येता नुसती पिल्लंच येत असतील, तर आईची कुंडी तपासा. पाणी किंवा नत्रखत जास्त झालं, मुळं कुजली, तरी झाड पिल्लं काढतं.

ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्यात अन्नाचा साठा नसतो, त्यामुळे ते घरी पेरून रुजत नाही. पिल्लू मात्र घरी जगतं आणि फुलतं ते आईच्याच रंगात. गटात एकीकडे जांभळं असेल, दुसरीकडे पांढरं, तर पिल्लांची अदलाबदल करा. विकत आणायला नको, आणि रानातल्या झाडावरची सीतेची वेणी ओरबाडायला तर नकोच.

फुलायला दोन-एक वर्षं लागतील. तोवर मुळांकडे लक्ष ठेवा.