थकल्या गाडीचे तेल

दोन लाख किलोमीटर धावलेली आमची गाडी नागपूरच्या उन्हाळ्यात तेल पिऊ लागली, तेव्हा शेजारचे नाना म्हणाले, "प्रोफेसर, सर्वांत दाट तेल ओता!" मी पडलो भाषेचा मास्तर, आधी डबा वाचला. '२०डब्ल्यू-४०' मधला डब्ल्यू विंटरचा. पहिला आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसला उरणारा दाटपणा सांगतो.

झिजलेल्या इंजिनात तेलाचा दाब टिकावा म्हणून ४०च्या जागी ५० घ्यावे. पण गाडीच्या पुस्तिकेची संमती असेल तरच. गरजेपेक्षा दाट तेल गाडी सुरू होताना सर्व भागांपर्यंत उशिरा पोचते, आणि पुष्कळशी झीज तेव्हाच होते. मागून निळा धूर दिसला, तर वाचकहो, दाट तेलावर विसंबू नका. पिस्टनच्या रिंगा तपासून घ्या.