उघड्या तळहातावरचा चकवा

गेल्या वर्षी टेबल टेनिसच्या आंतरशालेय स्पर्धेत आमच्या शाळेची सातवीतली एक मुलगी 9-7 ने पुढे होती. तिची सर्व्हिस समोरच्या मुलीला कळतच नव्हती. तेवढ्यात पंचांनी खेळ थांबवून ताकीद दिली आणि पुढच्याच सर्व्हिसला फॉल्ट देऊन गुण समोरच्या मुलीला दिला. आमची मुलगी डाव्या हाताने चेंडू झाकत होती. ही युक्ती तिला अब्बूंनी शिकवली होती. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत ती चालायची, पण 2002 पासून ती नियमाबाहेर आहे. मुलीचा हात बिचकला, मॅच गेली. परत येताना तिने विचारलं, "सर, मी चीटिंग केली का?"

प्रश्न आम्हाला लागला. म्हणून हा विषय पालकांसमोर नीट मांडतो.

आधी नियम. चेंडू उघड्या, सपाट तळहातावर ठेवायचा. चेंडू टेबलाच्या पातळीपेक्षा वर आणि टेबलाच्या कडेच्या मागे हवा. चेंडू जवळजवळ सरळ वर, किमान 16 सेंटीमीटर उडवायचा आणि खाली येतानाच मारायचा. उडवला की मोकळा हात लगेच बाजूला घ्यायचा. अंग किंवा कपडा, काहीही चेंडूच्या आड येता कामा नये. मुलींच्या अम्मींनी एवढं लक्षात ठेवावं: ओढणी किंवा सैल बाही चेंडूपुढे आली तरी फॉल्टच. ओढणीला नीट पिन लावली, बाही मनगटाशी घट्ट केली की प्रश्न मिटला. त्यासाठी मुलीचा खेळ बंद करायची काहीच गरज नाही.

सगळं उघड ठेवायचं, मग चकवा कुठे? तो बॅट चेंडूला लागते त्या क्षणात असतो.

चेंडूच्या खालच्या बाजूला बॅट घासून पुढे नेली की चेंडू उलटा फिरत जातो. आपल्याकडे त्याला कट म्हणतात. समोरच्याने नुसती बॅट लावली तर हा चेंडू खाली घसरून जाळीत जातो. म्हणून तो बॅट वरच्या बाजूला उघडून चेंडू उचलतो. आता त्याच हालचालीने फिरकी नसलेला चेंडू टाकला तर? उघडलेल्या बॅटवरून तो उंच उडतो आणि आपल्याला स्मॅश मिळतो.

हा फरक कसा साधायचा? बॅटचं टोक जास्त वेगाने फिरतं. तिथे चेंडू हलकेच घासला तर कट जबरदस्त बसतो. मुठीजवळचा भाग हळू फिरतो. तिथे घासण्याऐवजी चेंडू पुढे ढकलला तर फिरकी जवळजवळ नसते. हात दोन्ही वेळा सारखाच दिसला पाहिजे, मारल्यानंतरसुद्धा.

टेबल नसलं तरी सुरुवात घरी होते. स्केचपेनने अर्धा चेंडू रंगवा, म्हणजे फिरकी डोळ्यांना दिसते. फरशीवर बसून चेंडू वर उडवा, खालून घासून पुढे टाका. टप्पा पडल्यावर तो आपल्याकडे परत आला की कट बसला समजा. मग टेबलावर तोच सराव करा. चेंडू आधी आपल्या बाजूला, नंतर पलीकडे पडला पाहिजे. कट पक्का झाल्यावरच बिनफिरकीची सर्व्हिस शिकवा. भावंडाला समोर उभं करून प्रत्येक चेंडूला "कट" की "सादा" ते सांगायला लावा. त्याची उत्तरं चुकायला लागली की हुनर हातात आलं! चेंडू पुरेसा वर जातो का, हे बाजूने मोबाईलवर शूटिंग करून पाहा.

सर्व्हिस हा खेळातला एकच फटका, ज्यात समोरच्याचा हात नसतो. त्यामुळे एकट्याच्या मेहनतीचं फळ इथे सगळ्यात आधी दिसतं.

त्या मुलीला आम्ही म्हणालो, "बेटा, तुला नियम माहीत नव्हता. आता माहीत झाला. इथून पुढे झाकलंस तर ती चीटिंग." आता ती तळहात उघडा ठेवून सर्व्हिस करते. समोरच्याला सगळं दिसतं, तरी चेंडू जाळीत जातो. अब्बूसुद्धा तिच्याकडून नवीन सर्व्हिस शिकतायत.