भागिले पाच

मलकापुरात ‘बँड सांगितलाय’ असं कोणी म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: लग्न कोणाचं? कराडला चिकटून, पुणे-बेंगळुरू महामार्गावर वसलेल्या या गावात बँड म्हणजे झालरीचे गणवेश, ट्रम्पेट, ढोल, ढकलगाडीवरचे कर्णे आणि वरातीपुढे नाचणारी पोरं. त्याच्या पुढची पायरी बेंजो आणि त्याच्याही पुढची ‘डॉल्बी’. (एका परदेशी कंपनीचं नाव सातारा-सांगलीकडे खिडक्या हादरवणाऱ्या आवाजाला कसं चिकटलं, हा वेगळ्या लेखाचा विषय.) चार-पाच मित्रांनी गाणी लिहायची, चाली लावायच्या, आपणच वाजवायची आणि सिनेमाच्या आधाराशिवाय लोकांपर्यंत न्यायची, या अर्थाचा बँड इथे अजून पाहुणाच आहे.

वरातीच्या बँडचा हिशेब स्वच्छ असतो. लग्नसराईच्या तारखा पंचांगात छापून आलेल्या. सुपारी ठरते, विसार मिळतो, उरलेले पैसे कामाच्या दिवशी. गाणी दुसऱ्यांची, म्हणजे लोकांच्या ओठांवर आधीच असलेली. मालक एक, वाजवणारे त्याच्याकडे कामाला. पावसाळ्यात वाद्यं खोळीत जातात आणि गणपतीला बाहेर येतात.

स्वतंत्र बँडकडे यातलं काहीच नसतं. पंचांग नाही, ओळखीची गाणी नाहीत आणि मालकही नाही. किंवा पाचही जण मालक. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड. पाच जणांचा संसार मांडायचा, पण त्याला ना नातं बांधून ठेवत, ना करार.

महाराष्ट्रात असा संसार मांडणाऱ्यांपैकी सर्वांत गाजलेलं नाव मुंबईचं. १९८४ साली तिथे ‘रॉक मशीन’ उभा राहिला. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेस गिटारवर, झुबिन बालापोरिया की-बोर्डवर, मार्क मेनेझेस ड्रमवर, अशी त्यांची ओळखीची फळी पुढे जमली. भाषा इंग्रजी, श्रोते महाविद्यालयीन. त्या काळी कॉलेजांच्या महोत्सवांत बँड ऐकायला येणारा विद्यार्थी इंग्लंड-अमेरिकेतली गाणी जशीच्या तशी ऐकायला यायचा. रेकॉर्डवरची गिटार मंचावर हुबेहूब वाजली की टाळ्या. रॉक मशीननेही सुरुवात तशीच केली. आपलं गाणं मध्ये सरकवायचं म्हणजे जोखीमच होती, कारण समोरच्याला ते ओळखीचं नाही.

तरीही त्यांनी ते केलं. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. आज घरबसल्या गाणं ध्वनिमुद्रित होतं, म्हणून या दोन तारखांचं वजन पटकन कळत नाही. तेव्हा टेलिव्हिजन म्हणजे दूरदर्शन, रेडिओ म्हणजे आकाशवाणी, परदेशी वाद्यांवर जबर आयातशुल्क आणि कॅसेटच्या दुकानात दर्शनी जागा सिनेसंगीताला.

मग १९९१ मध्ये स्टारच्या छत्रीतून एमटीव्ही भारतात उतरलं आणि नशीब उघडलं. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या पाच-सहा पोरांचं गाणं हाँगकाँगहून प्रक्षेपित होणाऱ्या वाहिनीवर देशोदेशी दिसू लागलं.

या चढत्या काळाचा एक पत्ता होता: धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारचं रंगभवन. उघडं नाट्यगृह, वर आकाश, तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं. १९८६ पासून फरहाद वाडियांचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव इथे भरू लागला आणि देशभरातल्या बँडना रंगभवनावर वाजवणं हीच पदवी वाटू लागली. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला आणि आजूबाजूला रुग्णालयं असलेल्या रंगभवनाचा आवाज बंद झाला. नियम चुकीचा म्हणता येणार नाही. खाटेवरच्या रुग्णाला गिटार नको असते. पण स्वस्त मंच गेला की आधी छोटे बँड बसतात, मोठे नव्हे, एवढं नोंदवायला हवं.

१९९३ मध्ये रॉक मशीनने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. दुसऱ्यांची गाणी वाजवणारा बँड ही जुनी ओळख पुसायची होती आणि आपण कुठले आहोत हेही सांगायचं होतं. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला, सुरांत भारतीय रंग अधिक. त्याच वर्षी अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने कॅसेटचा बाजार हलवला. कंपन्यांना कळून चुकलं की सिनेमाबाहेरचं गाणंही खपतं, पण हिंदीत, आणि एकट्या देखण्या चेहऱ्याचं. इंग्रजीत गाणाऱ्या, अनेक चेहऱ्यांच्या बँडसाठी त्या लाटेत जागा नव्हती. १९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा नवा डाव मांडला.

गाणी वाईट झाली म्हणून बँड मोडतो, असं सहसा होत नाही. मोडतो तो भागाकार. कमाई भागिले पाच, वेळ भागिले पाच, श्रेयही भागिले पाच. आणि विशीत चालणारा हा हिशेब पस्तिशीत, घरी पोराची फी भरायची असताना, चालेनासा होतो.

त्याच काळातलं उलट उदाहरण गोव्यात आहे. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांना मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दाद दिली नाही. त्यांनी घरीच चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र वापरून १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम बनवला. हे यंत्र म्हणजे एकाच फितीवर चार समांतर पट्ट्या: एकीवर गिटार भरायची, फीत मागे न्यायची, ती ऐकत दुसरीवर बासरी, मग आवाज. शब्द त्यांचे, चाल त्यांची, बरीचशी वाद्यंही त्यांचीच. कॅसेट तयार झाल्या तेव्हा त्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवणारेही तेच. १९८७ च्या ‘जलवा’ चित्रपटामुळे हिंदी श्रोत्यांना त्यांचा आवाज कळला. २००७ मध्ये पद्मश्री आली. गुणवत्ता होतीच. पण भागिले एक, ही सोयही विसरता येत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हा भागाकार नवा नाही. सांगलीजवळच्या कवलापूरचा तमाशा घ्या. आधी शिवा-संभा आणि मग पुढच्या पिढीत काळू-बाळू या जुळ्या भावांनी तो नावारूपाला आणला. फड म्हणजे पाच नव्हे, कित्येक पटींनी जास्त माणसं. पण फडाला मालक असतो आणि बहुधा मागे घराणं. हंगामाआधी मालक कर्ज काढून कलावंतांना उचल देतो आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपाऱ्यांवर ती फेडतो. हा डोलारा किती कच्च्या खांबावर उभा असतो ते २०२० च्या मार्चमध्ये दिसलं. टाळेबंदी लागली, यात्रा रद्द झाल्या, उचल मात्र वाटून झालेली होती.

आता समजा, मलकापुरातल्याच पाच जणांनी स्वतःच्या मराठी गाण्यांचा बँड काढला. पुण्यातल्या एका कॅफेने शनिवारच्या कार्यक्रमाचे २५,००० रुपये कबूल केले. सुमारे १६० किलोमीटरचा रस्ता; तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे तीन टोलनाके, जाताना आणि येताना. गाडीभाडं, डिझेल, टोल मिळून ९,०००. खाणंपिणं २,०००. सरावाच्या खोलीचं महिन्याचं भाडं ४,०००, कारण घराच्या गच्चीवर ड्रम वाजवला तर शेजारी पोलिसांत जातात. उरले १०,०००, भागिले पाच. महिन्यात असे दोन कार्यक्रम मिळाले तर दिवाळीच. आणि गिटारची तार तुटली किंवा ॲम्प्लिफायर जळला तर तो खर्चही याच दोन हजारांतून.

मग लोक म्हणतात, ऑनलाइन पैसे मिळतात ना? मलकापूरकरांना हे समजावणं सोपं आहे, कारण चोवीस तास मीटरने पाणी देणारं गाव म्हणून मलकापूरचं नाव झालं आहे. पाण्याच्या मीटरला ठरलेला दर असतो: इतके लिटर, इतके रुपये. स्ट्रीमिंगला मीटर आहे, पण ठरलेला दर नाही. वर्गणी आणि जाहिरातींचा पैसा एका हौदात जमतो आणि एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांत ज्याचा जितका हिस्सा, तितकं पाणी त्याच्या घागरीत पडतं. हौदावर पहिली रांग अर्थातच सिनेसंगीताची. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं. २०२४ पासून त्याने नियम केला की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच नाही. नव्या बँडची बरीच गाणी इथेच कोरडी राहतात.

दुसरी एक गोष्ट तरुण बँडना हमखास उशिरा कळते. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: एक शब्द आणि चाल, दुसरी ध्वनिमुद्रण. पहिलीचं मानधन गोळा करायला १९६९ पासून ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ आहे आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना त्यातला वाटा सहजासहजी सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली. त्यामुळे चाल एकाच्या नावावर नोंदवली की पैसे त्यालाच. ड्रमरने सुचवलेला ठेका चालीत धरायचा की नाही? या एका प्रश्नावर जगभर जितके बँड फुटले असतील, तितके प्रेमप्रकरणांवरूनही फुटले नसतील.

मराठीत असा स्वतंत्र बँड इतका उशिरा का यावा? कोलकात्यात ‘मोहिनेर घोडागुली’ हा बंगाली बँड १९७५ मध्येच उभा राहिला होता. हयातीत त्यांनाही फारसं कोणी विचारलं नाही. नव्वदच्या दशकात नव्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतलं आणि २००६ च्या ‘गँगस्टर’मध्ये त्यांची चाल हिंदीतही पोचली. मराठीत मात्र नाट्यपद, भावगीत, लावणी यांनी मन इतकं भरलेलं होतं की तरुणांच्या वाट्याला ऑर्केस्ट्रा आला: वाद्यं नवी, गाणी ऐकलेली. थोडक्यात, वरातीच्या बँडचा शहरी भाऊ.

आता वाट थोडी मोकळी झाली आहे. ‘अभंग रिपोस्ट’सारखा मुंबईचा बँड संतांचे अभंग गिटार-ड्रमवर गातो, शब्द वारीतल्या म्हाताऱ्यालाही पाठ असल्यामुळे ओळखीच्या गाण्याचा जुना पेच आपोआप सुटतो. २०१० मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात ‘एनएच ७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाला. नाव राष्ट्रीय महामार्गाचं, पण मलकापूरवरून जाणारा नव्हे. आपला तेव्हाचा क्रमांक चार, आताचा अठ्ठेचाळीस. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्समधल्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून आलं आणि मराठी शब्दांवर परदेशातली पोरं नाचली. तिथे माणसं दोनच. बेस, ड्रम, की-बोर्ड हे तिघे लॅपटॉपमध्ये गेले. ते वाटा मागत नाहीत आणि गाडीत जागाही.

आणि इंडस क्रीड? २०१० मध्ये तो पुन्हा जमला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे. रंगभवन बंद होतं, पण लोअर परळच्या गिरणीत २००७ पासून ‘ब्लू फ्रॉग’ हे मैफलींचं ठिकाण चालू होतं. तेही २०१६ मध्ये मिटलं. पर्ल जॅम आणि यू टूसोबत काम केलेल्या टिम पामर यांनी ध्वनिमिश्रण केलेला ‘इव्हॉल्व्ह’ २०१२ मध्ये बाजारात आला. आधीच्या अल्बमला सतरा वर्षं झाली होती, आणि वेष्टनावर नावं पाच होती.