दहात चौदा

नांदूरघाटच्या विहिरीत उतरताना पाण्याला टेकलेल्या पायरीवर पाय सटकतो, तो तपकिरी बुळबुळीवरून. ती बुळबुळ बरीचशी डायटमची, म्हणजे एकपेशीय शैवालांची असते आणि त्यातल्या प्रत्येकाला सिलिकाचं, काचेसारखं कवच असतं, असं वाचलं. मग दगडावरची थोडी जुन्या टूथब्रशने खरवडून बाटलीत भरली आणि पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत घेऊन गेलो.

तिथल्या संशोधक ताई म्हणाल्या, “आधी जिवंत बघून घ्या. नंतर मिळायचे नाहीत.”

थेंबात चिकट देठांवर उभे सोनेरी डायटम होते. एका देठाला इवलासा पारदर्शक जीव चिकटलेला. त्याला एकच शेपटी, भोवती बारीक तंतूंची कॉलर. शेपटी हलवून तो पाणी ओढत होता आणि कॉलरवर अडकलेले जिवाणू खात होता. हा कोअॅनोफ्लॅजेलेट. प्राण्यांचे सर्वांत जवळचे हयात एकपेशीय नातलग म्हणजे हेच. स्पंजाच्या काही पेशीही अशाच दिसतात, हे जेम्स-क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकातच टिपलं होतं. मी त्याच्याकडेच बघत बसलो. ताईंना घाई होती.

पुढे नायट्रिक आम्लात उकळणं. वाफा ओढून घेणारं कपाट चालू असूनही वास घशाला झोंबत होता. जे जे मऊ आणि जिवंत, ते सगळं जळून गेलं. मग धुणं, गाळ बसू देणं, पुन्हा धुणं. काचपट्टीवर उरली नुसती कवचं.

आता जात ओळखण्यासाठी मोजणी. पडद्यावर दहा मायक्रॉनची पट्टी, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम सातवा भाग. तेवढ्यात कवचावरच्या रेघा किती? “दहात चौदा.” दुसरं कवच, दहात तेरा. तिसरं, पुन्हा दहात चौदा. एक टोक रुंद, दुसरं निमुळतं, मधोमध एका बाजूला एकच ठिपका. ताईंनी वहीत लिहिलं, ‘गोम्फोनिमा पार्व्ह्युलमसारखं’. त्या ‘सारखं’वर मी अडलो. दिसेल त्याला युरोपातल्या पुस्तकातलं नाव चिकटवायची खोड आपल्याकडे जुनी आहे, असं त्या म्हणाल्या. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधींनी कोल्हापूर, धारवाडकडच्या पाण्यातले डायटम चिकाटीने तपासून कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. अलीकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी ‘इंडिकोनिमा’ ही नवी प्रजातीच वेगळी काढली. खूण काय, तर छिद्रांचा पट्टा एकाच टोकाला नाही, दोन्ही टोकांना. म्हणजे तीही कवचावरचीच.

शिस्त मोठी, यात शंका नाही. पण ज्याच्या घराच्या रेघा मोजायच्या, त्याला आधी उकळायचं, हे मला काही पटेना. कॉलरवाल्याची नोंद कुठे करता, असं विचारलं.

“आमच्या वहीत तो रकानाच नाही.”

समुद्रातल्या त्याच्या काही भाईबंदांना सिलिकाच्या काड्यांची टोपली असते. त्यांची जात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या काड्या मोजून आणि त्यांची मांडणी बघून ठरते. विहिरीतल्या या उघड्याबोडक्याला काचेचं काहीच नव्हतं. ताई चौथ्या कवचाकडे वळल्या होत्या.