कोकण, इत्यादी

लंडनच्या नैर्ऋत्येला, थेम्सच्या काठी, क्यूच्या शाही वनस्पतिउद्यानाला लागूनच एक जुनी वास्तू उभी आहे. बाग बघायला आलेले लोक सहसा तिकडे वळत नाहीत. आत ओतीव लोखंडाचे लाल खांब, वरच्या सज्जांकडे नेणारे गोल जिने आणि ओळीने लावलेली कपाटं. कपाटांत झाडं आहेत. दाबून, वाळवून, जाड कागदावर डकवलेली सुमारे 70 लाख झाडं. 1853 पासून वाढत आलेलं हे क्यूचं हर्बेरियम.

तिथल्या कितीतरी जुन्या शीटवर एकाच नमुन्याची छापील चिठ्ठी आहे. ठिकाण: मलबार, कोकण, इत्यादी. संग्राहक: स्टॉक्स, लॉ, इत्यादी. मुंबई इलाख्यात नोकरीला आलेल्या इंग्रजांनी गोळा केलेली झाडं जोसेफ हूकर आणि थॉमस थॉमसन यांनी या चिठ्ठीनिशी ठिकठिकाणच्या संग्रहांना वाटली. झाड आपल्याकडचं, पण घाट कुठला, गाव कुठलं, कुणी आणि कुठल्या पावसाळ्यात खुडलं, हे सगळं त्या एका ‘इत्यादी’त बुडालं. ती चिठ्ठी वाचताना जीव हळहळतो.

महाराष्ट्रात बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या कुणालाही क्यू परकं नाही. परीक्षेसाठी पाठ केलेलं बेंथम आणि हूकर यांचं वर्गीकरण इथल्याच कपाटांपुढे बसून तयार झालं. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक निवृत्तीनंतर क्यूला जाऊन राहिले आणि मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात बाहेर पडला. सह्याद्रीतलं झाड ओळखताना आजही अभ्यासक कुक काढून बसतात.

पण ग्रंथाने सगळं भागत नाही. वनस्पतीचं शास्त्रीय नाव एका विशिष्ट वाळलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं. त्याला टाइप म्हणतात. आंबोलीच्या सड्यावर एखादं अनोळखी फूल सापडलं, तर ते खरोखर नवं आहे की दीडशे वर्षांपूर्वी कुणी नाव देऊन ठेवलेलं, हे टाइपशी ताडून पाहिल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही. आणि आपल्याकडच्या असंख्य वनस्पतींचे टाइप साहेबाबरोबर विलायतेला गेले. ही अडचण इतकी खरी होती की भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा एक अधिकारी मुद्दाम क्यूमध्ये नेमला जाई. इथून पत्र जायचं, तिथे तो कपाट उघडायचा, शीट निरखायचा, टिपण पाठवायचा. एका केसाच्या लांबीवर जातीचा निवाडा ठरत असेल, तेव्हा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणं किती अवघड, हे ज्याने भिंग हातात धरलं आहे त्यालाच कळेल.

या शीटची संगणकीय चित्रं घेण्याचं काम म्हणूनच टाइपपासून सुरू झालं. त्यासाठी क्यूमध्ये बनवलेलं यंत्र मला फार आवडतं. साध्या स्कॅनरवर कागद पालथा ठेवावा लागतो. शतकापूर्वीची शीट पालथी केली तर पाकळ्या गळतील, बिया घरंगळतील. म्हणून त्यांनी स्कॅनरच उलटा टांगला. शीट खाली उताणीच राहते आणि स्पंजाच्या मऊ गादीवरून अलगद वर उचलून काचेला टेकवली जाते. हे हर्बस्कॅन. त्याने घेतलेल्या चित्रात पानाची शीर न् शीर मोठी करून पाहता येते. 2022 मध्ये क्यूने सबंध संग्रहच कॅमेऱ्याखाली घ्यायला सुरुवात केली. एकेक शीट काढायची, बारकोड लावायचा, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचं, चिठ्ठीवरचा मजकूर टंकित करायचा आणि शीट परत जागेवर. त्याच वर्षी आपल्या सर्वेक्षण संस्थेनेही कोलकात्यात भारतीय आभासी हर्बेरियम खुलं केलं.

छायाचित्रात मात्र एक गोष्ट येत नाही. ती पानातच राहते.

सपुष्प वनस्पती पृथ्वीवर अचानक एवढ्या प्रकारांनी कशा फोफावल्या, हा प्रश्न डार्विनला शेवटपर्यंत छळत होता. 1879 मध्ये त्याने याबद्दल पत्र लिहिलं तेही क्यूच्या संचालकाला, म्हणजे हूकरलाच. उत्तराचा मोठा भाग हूकरच्या कपाटांत होता, पण तो वाचायची रीत तेव्हा नव्हती. वाळलेल्या पानातला डीएनए अखंड राहत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात. लांब सलग धागा मागणाऱ्या जुन्या पद्धती तिथे हात टेकायच्या. क्यूच्या शास्त्रज्ञांनी सपुष्प वनस्पतींमध्ये सर्वत्र आढळणारी 353 जनुकं निवडली आणि त्या प्रत्येकासाठी गळ तयार केले. तुकड्यांच्या त्या गढूळ मिश्रणात गळ टाकायचे, जुळणारे तुकडे त्यांना चिकटतात, मग चुंबकाने ओढून वेगळे काढायचे. तुकडे लहान असले तरी चालतात. लागतं पानाचं बोटाच्या नखाएवढं कपट, आणि तेही शक्यतो शीटवरच्या कागदी पुडीत पडलेल्या सुट्या तुकड्यांतून घेतात.

2024 मध्ये 279 शास्त्रज्ञांच्या नावाने या कामाचा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. त्यात 9,506 जाती आहेत आणि सपुष्प वनस्पतींच्या सुमारे 60 टक्के प्रजातींना त्यात जागा मिळाली आहे. नेपाळात जवळपास 200 वर्षांपूर्वी खुडलेलं एक रोपटं त्यात आहे. मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावरचं, 1875 नंतर कुणीही जिवंत न पाहिलेलं ऑलिव्हच्या कुलातलं झाडही आहे. ते आता केवळ शीटवर उरलं आहे. या वृक्षानुसार आजच्या मुख्य शाखांपैकी 80 टक्क्यांहून अधिक शाखा 14 कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या आरंभीच्याच भरात फुटल्या. दुसरा मोठा बहर 4 कोटी वर्षांपूर्वी, हवामान थंड होत जाताना आला.

असे निकाल आपल्या कड्यांपर्यंतही येऊन पोहोचतात. क्यूच्या या कामाआधीचं एक उदाहरण शिवनेरीवरच्या शिंदळ माकुडीचं. 1865 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलने तिला फ्रेरिया हे नाव दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. तिच्या गटातली भावंडं जवळजवळ निष्पर्ण, काटेरी नसलेल्या निवडुंगासारखी. हिला मात्र पावसाळ्यात मांसल पानं येतात. एवढा फरक पाहून तिला स्वतंत्र प्रजाती मानलं होतं. डीएनए ताडल्यावर ती बुसेरोसिया या भावंडांच्या घोळक्यातच निघाली. पानांनी वेगळेपणाचा भास केला होता. तिचं रक्षण करणाऱ्याला हे कळायलाच हवं: आपण एकटी उरलेली वंशवेल सांभाळतो आहोत, की दख्खनच्या कातळावर पसरलेल्या एका कुटुंबातलं लेकरू.

एवढं सगळं झालं तरी चिठ्ठ्यांचं काम उरतंच, आणि माझ्या मते तेच सर्वांत नाजूक आहे. चित्र यंत्र घेतं. पण शाई उडालेली, अक्षर गिचमिड, गावाचं नाव साहेबाच्या कानाने ऐकलेलं. नकाशावर ठिपका टाकायचा, तर ते नाव ओळखावं लागतं. ‘कोकण, इत्यादी’ला ठिपका मिळत नाही. तरीही त्याच संग्राहकाची इतर शीट, त्यांवरच्या तारखा, हस्ताक्षर शेजारी शेजारी लावून त्या ‘इत्यादी’तून एखादा घाट बाहेर काढता येतो. पूर्वी हे करायला लंडनचं तिकीट लागायचं. आता रत्नागिरीत किंवा कोल्हापुरात बसलेला विद्यार्थी पडद्यावर ती शीट मोठी करतो आणि चिठ्ठीवर ‘हेवरा’ दिसलं की जुन्नरकडचं हिवरे वाचतो, ‘डापूरी’ दिसलं की दापोडी.