नऊ विजय आणि एक नकार

वाचकहो, सामने जिंकणारे संघ पुष्कळ. पण सोबत्याच्या स्वाभिमानासाठी मानाचा सामना सोडणारा संघ विरळाच. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१ चा फुटबॉल संघ असा होता. तिकडचा हा फुटबॉल चेंडू हातात घेऊन धावण्याचा.

त्या मोसमात संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले. आता मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्याचे आमंत्रण येणार, अशी आशा होती. पण अट आली : ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवून या! गोऱ्या सहकाऱ्यांनी साफ नकार दिला. जाऊ तर सगळे, नाहीतर कोणीच नाही. आमंत्रण हुकले, पैसाही हुकला. तोट्यात असलेल्या विद्यापीठाने मोसमानंतर तो संघच बंद केला.

पुढे मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये धावण्याची दोन पदके मिळवली. टोलर १९६५ मध्ये तिकडच्या व्यावसायिक फुटबॉलमधील पहिले कृष्णवर्णीय पंच झाले.

पंगतीतून उठवले जाण्याचे दुःख आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. म्हणून आम्ही सांगतो, ही गोष्ट आज घरी मुलामुलींना सांगा. सोबत्याला बाहेर ठेवून मिळणारा मान आपल्याला नको!